शब्दचर्चा : नेणीव, सुप्त, अचेतन. नकळत काम करणाऱ्या मेंदूसाठी कुठला शब्द? (बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावाच्या नावाने.)

खानापूर : मानसशास्त्राच्या टिपणात ‘अचेतन मेंदू’ आलंय. आपल्या नकळत मेंदू बरंच ठरवतो, असा आशय. कन्नडात ‘सुप्त मनस्सु’ म्हणतात. तेच घ्यावं का?

शहापूर : दोन्ही नको. मराठीत अचेतन म्हणजे दगडधोंडा. सुप्त म्हणजे झोपलेलं : सुप्त गुण, सुप्त ज्वालामुखी. इथे सांगायचंय ते उलटंच. ही यंत्रणा सतत कामावर असते, फक्त आपल्याला तिची खबर नसते. त्याला ‘नेणीव’ चपखल. ‘नेणणे’ हे संतवाणीतलं क्रियापद, जाणिवेचा खरा जोडीदार. फ्रॉइडच्या दडपलेल्या इच्छांसाठी ‘अबोध मन’ रूढ आहे, तिथे तेच राहू द्या.

निपाणी : कन्नडातून उतरवताना ‘प्रज्ञे’ जपून घ्या. तिथे तो भान, शुद्ध या अर्थी येतो. मराठी प्रज्ञा म्हणजे बुद्धी. ‘अभ्यासबल’ तर हमखास फसवतो. कन्नडात अभ्यास म्हणजे सवयसुद्धा. मराठीत ‘अभ्यासाच्या बळावर’ लिहिलं की पुस्तक-पाठांतर डोळ्यांपुढे येतं. ‘सवयीने’ किंवा ‘हात बसल्याने’ लिहा.

शहापूर : ‘हात बसणे’ फार नेमका आहे. एच. एम. या रुग्णावर 1953 साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही लक्षात राहीना. आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव दिल्यावर तीन दिवसांत चुका कमी होत गेल्या. आधी गिरवल्याचं मात्र त्यांना आठवत नसे. आठवणीविना हात बसला!

खानापूर : वर्गात दाखवण्याजोगं काही?

निपाणी : स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाची 1935ची चाचणी घ्या. ‘लाल’ निळ्या शाईत, ‘निळा’ हिरव्या शाईत, असे वीस शब्द लिहा. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. आधी वीस रंगीत ठिपक्यांवर वेळ मोजून ठेवा. शब्दांना जास्त वेळ लागतो, कारण येत असलेलं वाचन थोपवता येत नाही. मग तोच कागद कन्नड लिपीत करा : केंपु, नीलि, हसिरु. कन्नड अक्षरओळख नसलेलं पोर तिथे अडखळणार नाही. आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात हा फरक एकाच बाकावर दिसतो. डोळे बारीक करून अक्षरं धूसर करू देऊ नका, अडखळणं कमी होतं आणि मोजमाप बिघडतं.

खानापूर : मग वाक्य असं करते : ‘मेंदू नेणिवेत बरंच ठरवतो.’

शहापूर : ठीक. बोलताना ‘नकळत’ पुरे.