किल्ली फिरेना!

बी-४०३: सुप्रभात मंडळी. कोणी मोकळं आहे का? गाडीची किल्लीच फिरत नाहीये. सव्वानऊला आईला डॉक्टरांकडे न्यायचंय. मेकॅनिक फोनवर म्हणतो लॉकसेट (किल्लीचं अख्खं कुलूप) गेला, गाडी टो करून आणा.

ए-१०२: खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा.

सी-७०१: तेलबिल काही नको! स्टिअरिंग हलतंय का?

बी-४०३: नाही काका, अडकलंय. उजवीकडे अगदी किंचित सरकतं.

सी-७०१: मग लॉकसेट शाबूत आहे. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहा आणि त्याच वेळी किल्ली हळूच फिरवा. जोर स्टिअरिंगवर, किल्लीवर नको. आत तुटली तर मेकॅनिकचं म्हणणं खरं होईल.

बी-४०३: फिरली!!! निघतो.

बी-६०४: काका, झालं काय होतं पण?

सी-७०१: किल्ली काढून स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंगचा एक खिळा दांड्याच्या खाचेत बसतो. चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय. चाकांचा ताण त्या खिळ्यावर आला की तो खाचेत आवळून बसतो आणि किल्ली फिरत नाही. ताण काढला की मोकळा.
दुसरं म्हणजे, किल्ली घालतो ते कुलूप वेगळं आणि त्याच्या मागच्या टोकाला असलेला विजेचा स्विच वेगळा. मेकॅनिक दोन्हींना ‘इग्निशन स्विच’च म्हणतात आणि बिल तिथेच फुगतं. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, कुलूप ठीक असताना अख्खा लॉकसेट बदललेला कितीदा पाहिलाय. गाडी स्टार्ट होते, पण किल्ली सोडून ती ऑनवर परत आली की लगेच बंद पडते? तर आधी त्या मागच्या स्विचवर संशय घ्यायचा. स्टार्ट मारताना ब्लोअर क्षणभर थांबतो तो मात्र बिघाड नव्हे, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून तसं केलेलं असतं.

ए-१०२: माझ्या गाडीत किल्ली जरा हलली की टेप बंद, मीटरचे दिवे लुकलुक.

सी-७०१: जुडग्यात काय काय आहे?

ए-१०२: घर, कपाट, दुकानाचं शटर, स्कूटर... आणि पितळी बाप्पा.

सी-७०१: अर्धा किलो झालं की! ते वजन रोज त्या स्विचला हिसके देतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने याच भानगडीपायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्विचचा खटकाच मऊ होता. जड जुडगा किंवा खड्डा, किल्ली ऑनवरून एसीसीवर, म्हणजे इंजिन बंद आणि फक्त टेप वगैरे चालू अशा खुणेवर घसरायची. धावत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, एअरबॅगही उघडेना. त्यांच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. गाडीची किल्ली एकटी ठेवा आणि तो स्विच तपासून घ्या.

डी-२०५: मी तर खंबाटकीच्या उताराला मुद्दाम इंजिन बंद करतो. पेट्रोल वाचतं.

सी-७०१: अहो देवा. ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम इंजिनातून येतो. दोन-तीनदा पेडल दाबलंत की ब्रेक दगड होतो. चुकून किल्ली काढलीत तर तो खिळा घाटातच खाचेत बसेल आणि स्टिअरिंग अडकेल! इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरलात तर बहुतेक वेळ पेट्रोल तसंही जात नाही. कशाला हा उद्योग?

बी-६०४: आमचा हॉर्न बंद आहे आणि एअरबॅगचा दिवा पेटलाय. फ्यूज का?

सी-७०१: वहिनी, दोन्ही एकदम म्हणजे बहुधा क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंगच्या चाकामागे गुंडाळलेली पट्टी असते, हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा तिच्यातून जातात. घरी खोलू नका, एअरबॅगशी खेळ नको. वर्कशॉपलाच न्या.

ए-१०२: बाप्पाला डॅशबोर्डवर डावीकडे चिकटवू का मग?

सी-७०१: तिथूनच डावी एअरबॅग फुटते. पितळ थेट वहिनींच्या तोंडावर.

ए-१०२: बाप्पा घरी देव्हाऱ्यात.

बी-४०३: पोचलो वेळेत. काका, संध्याकाळी चहाला या. चिरंजीवांनी आत्ता कबूल केलं, काल मी गाडी धुताना ते आत बसून ‘एसटी एसटी’ खेळत होते.