मदत हवी आहे: मेक्सिकन जेवणासोबत नाशिक-अकलूजच्या कोणत्या वाइन द्याव्यात?

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळ आमचं छोटं रेस्टॉरंट आहे. पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी चोवीस पाहुण्यांसाठी मेक्सिकन जेवण ठेवतोय. शेफ माझा भाऊ. तो मेक्सिकोतल्या ओआहाकात काम करून आलाय, त्यामुळे चीज ओतलेले नाचोज वगैरे प्रकार नाहीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून रोज ताज्या टॉर्टिया करतो. मासे आपल्या किनाऱ्यावरचे, कांदा अलिबागचा पांढरा. मेक्सिकोतही साल्सात बहुतेक पांढराच कांदा घालतात, म्हणून तो भलताच खूश आहे.

वाइन महाराष्ट्रातलीच द्यायची हे माझं म्हणणं. कोकणातल्या पावसाला आणि दमट हवेला वाइनची द्राक्षं टिकत नाहीत, तेव्हा नाशिक, दिंडोरी किंवा अकलूज.

सुरुवातीला कोळंबीचं आग्वाचिले आहे: कच्ची कोळंबी, लिंबाचा रस, हिरवी मिरची, कोथिंबीर, काकडी. त्याला नाशिकची सोविन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन पक्की. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला की वाइन पाणचट लागते, आणि हिला आंबटपणा भरपूर आहे. शिवाय तिचा हिरवट वास मिरची-कोथिंबिरीला धरून जातो. मग तळलेल्या रावसाचे टाको, त्यांच्यासोबत दिंडोरीची ब्रूट, म्हणजे गोडी नसलेली, फेसाळ स्पार्कलिंग. (हे टाको एन्सेनादाचे. मेक्सिकोचा सगळ्यात नावाजलेला वाइन-प्रदेश, वाये दे ग्वादालुपे, त्या बंदराच्या शेजारीच आहे. समुद्रकाठच्या जेवणाशी वाइन जुळते यात मला शंका नाही.) शेवटी हापूस आणि मक्याचं कस्टर्ड, सोबत लेट हार्वेस्ट शेनिन, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड पांढरी वाइन.

अडलंय ते मोलेपाशी. सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, मनुका, करपवलेली टॉर्टिया आणि थोडं चॉकलेट घालून केलेला काळा रस्सा, आपल्या भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपासारखा खोल. भाऊ म्हणतो ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ ही लाल वाइन द्यायची. मला ते पटत नाही. तिखटावर अल्कोहोलचा चटका वाढतो आणि टॅनिनचा (लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या घटकाचा) तुरटपणा कडवट होतो. त्यापेक्षा किंचित गोड शेनिन ब्लाँ बरी, गोडीने तिखट सौम्य लागतं. पण काळ्या रश्शासोबत पांढरी वाइन आली तर पाहुणे नाराज होतील का? वाइन म्हटलं की आपल्याकडे अनेकांना लालच हवी असते.

दुसरा प्रश्न पिबिलचा. शेंदरीच्या बिया आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेलं चिकन, केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं. रोझे (गुलाबी वाइन) की शेनिन?

आणि एकूण बाटल्या किती मागवू?

प्रतिसाद १
ताई, नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये काम केलंय, त्या अनुभवावर सांगतो. ओकवाली शिराझ नकोच, तुमचं बरोबर आहे. पण लाल हवीच असेल तर नाशिकची झिन्फंडेल घ्या. फळाचा स्वाद भरपूर, तुरटपणा कमी, मोलेतल्या मनुकांशी छान जमते. मात्र ती गार द्या, १४ ते १६ अंशांवर. 'रूम टेम्परेचर' ही थंड देशांतली गोष्ट आहे, तुमच्या अंगणात ३० अंशांवर कुठलीही लाल वाइन दारूसारखी जळजळते. बादलीत निम्मं बर्फ, निम्मं पाणी, पंधरा मिनिटं पुरे.

बाटली ७५० मिलीची. प्रत्येकाला ७५ मिली ओतलं तर दहा ग्लास होतात. म्हणजे चोवीस जणांना प्रत्येक वाइनच्या तीन बाटल्या. एखादी बिघडलेली निघते, म्हणून वर एक जास्त ठेवा.

प्रतिसाद २
पांढरी आणि रोझे घेताना लेबलवरचं साल बघा, शक्य तितकं अलीकडचं. आणि बाटल्या उन्हात तापलेल्या टेम्पोतून येऊ देऊ नका, सगळी मेहनत वाया जाते. वाइन न घेणाऱ्यांचाही विचार करा. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत मेक्सिकोत आग्वा दे हामाइका म्हणून घरोघरी पितात. ते काचेच्या चांगल्या ग्लासातच द्या, म्हणजे त्यांना बाजूला पडल्यासारखं वाटणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. अंबाडी गावातच मिळेल, सरबत नक्की. झिन्फंडेल आणि शेनिन दोन्हींची एकेक बाटली मागवते. रविवारी भाऊ मोले करणार आहे, तेव्हा स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना शेजारी शेजारी चाखायला देऊ, त्याची शिराझही ठेवू. जी सगळ्यांत जास्त जणांना आवडेल ती ठरली, भाऊही तयार आहे.

पिबिलचं मात्र राहिलंच. कोणी आंबट-मसालेदार चिकनसोबत इथली कोरडी (गोडी नसलेली) रोझे घेतली आहे का? शेंदरीच्या मातकट चवीपुढे ती टिकते का, एवढं सांगा.