मदत हवी आहे : पत्रे घातल्यापासून गिझरची ज्योत पिवळी

नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत आमचं जुनं घर. पावसाळ्याआधी कौलं उतरवून पत्रे घातले, गळती थांबली. पण न्हाणीतल्या गॅस गिझरची धुराची नळी गवंड्यांनी काढून परत बसवली, ती पत्र्याच्या जेमतेम वीतभर वर आहे. वरचा झरोकाही "पाऊस आत येतोय" म्हणून सिमेंटनं बुजवला, आम्हाला न विचारता!

परवापासून ज्योत निळीऐवजी पिवळी दिसतेय, नळीच्या सांध्यावर काजळी. काल अंघोळ करून बाहेर आलो तर डोकं जड. गॅस नीट न जळल्यावर होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, म्हणून गिझर लगेच बंद केला. सध्या आईचा तांब्याचा बंब परसात पेटतोय, ती खूश!

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टजवळ उदबत्ती धरली, तर धूर बाहेर जाण्याऐवजी आतच फिरतोय. तिथेही काही अडकलंय का?

धुराची नळी पत्र्याच्या किती वर हवी? झरोका परत फोडायचा, की खाली-वर जाळी पुरे? आणि हे तपासायला कंपनीचा मेकॅनिक बोलवायचा, की पेठेत कोणी जाणकार आहे? अनुभव असेल तर सांगा.