मदत हवी आहे: दरोजीच्या अस्वलांसाठी ४०० मिमी लेन्स पुरेल का?
अस्वल बिथरले की थेट अंगावर येते, हे ठाऊक असल्याने डिसेंबरमध्ये हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात केवळ निरीक्षण मनोऱ्यावरूनच, फ्लॅश न वापरता, छायाचित्रे घ्यायची आहेत. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १००-४०० मिमी लेन्स आहे. ताडोबात जिप्सीतून टिपलेल्या अस्वलिणीच्या पाठीवरचे पिल्लू तिच्या काळ्या केसांत पार हरवले, फक्त तिचे फिकट मुस्काट तेवढे उठून दिसले. एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा उजेड) वाढवले, तर मागचे गवत पांढरे पडले. संध्याकाळच्या उतरत्या उजेडात त्या मनोऱ्यावरून ४०० मिमी पुरते की ६०० मिमी भाड्याने घ्यावी, आणि केसांचा पोत टिकवण्यासाठी मीटरिंग (कॅमेऱ्याचे उजेड मोजणे) नेमके कशावर धरावे?