घरशाळा आणि आपण मराठी ख्रिस्ती: मुलांना शाळेतून काढावे का?

नगरकर_गुरुजी (धागा)
आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोन तरुण कुटुंबांनी मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली आहे. कारण विचारले की बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पुढे करतात: देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. त्यात आईबापांची जबाबदारी सांगितली आहे. शाळा सोडा असे कुठे म्हटले आहे?

हे वारे अमेरिकेतून आले. तिथल्या ख्रिस्ती पालकांचे सरकारी शाळांशी प्रार्थनेवरून, उत्क्रांतीवरून वाद झाले. आपला इतिहास अगदी उलटा. १८२४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये आलेल्या अमेरिकन शिक्षिका मिस सिंथिया फरार पुढे नगरला गेल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव भारावले आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. या शाळा ख्रिस्ती मुलांपुरत्या कधीच नव्हत्या. ज्यांना गावच्या शाळेत ओट्याखाली बसवत, त्यांची पोरे इथे वर्गात बसली. आणि आता आपणच दार लावून घ्यायचे?

लेकीची_आई
गुरुजी, नमस्कार. मी त्याच वाटेवरची, म्हणून लिहिते. माझी लेक आठ वर्षांची. शाळेत तिला वाचताना अडखळायला व्हायचं, वर्ग हसायचा, आणि शेरा यायचा ‘लक्ष देत नाही’. घरी मी शार्लट मेसनची रीत धरली. १८४२ ते १९२३ या काळातल्या या इंग्रज ख्रिस्ती शिक्षिका. धडे छोटे, एकदाच वाचायचं आणि मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. दुपारनंतर पुस्तक बंद, बाहेर हुंदडायचं.

मागे बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला. पक्षाघाती माणसाला मित्र छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडतात तो. लेकीने सगळं सांगितलं आणि विचारलं, “मग ज्याचं घर, त्याचं छप्पर कोणी नीट करून दिलं?” इतकी वर्षं प्रवचनं ऐकतेय, मला कधी सुचलं नव्हतं. पन्नास मुलांच्या वर्गात हा प्रश्न कोण ऐकून घेणार होतं?

आणि पंडिता रमाबाई विसरलात का? त्या शाळेत गेल्याच नाहीत. आईबापांबरोबर तीर्थयात्रा करत फिरताना आईने पहाटे उठवून संस्कृत शिकवलं.

वसईचा_पावलू
ताई, पोरीचा प्रश्न फार आवडला, पण तिथेच माझं भांडण आहे. तो प्रश्न वर्गात आला असता तर एखादं गवंड्याचं पोर उठून म्हणालं असतं, माझा बाबा असं छप्पर दोन दिवसांत करतो, मजुरी इतकी पडते. ते उत्तर तुम्ही देऊ शकत नाही, मीही नाही. मुलं मुलांकडून शिकतात.

रमाबाईंचंच पुढे बघा. घरी शिकलेल्या त्या बाईने १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, नंतर केडगावला निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन. आईकडून असं शिकायला मिळालं हे भाग्य सगळ्या मुलींच्या वाट्याला येत नाही, हे त्यांना कळत होतं.

लेकीची_आई
गवंड्याच्या पोराचं पटलं. पण दादा, आजच्या महागड्या इंग्रजी शाळेत ते पोर आहे का हो? फी भरू शकणाऱ्यांचीच मुलं एकमेकांशेजारी बसतात. माझी लेक गल्लीत खेळते, रविवारच्या शाळेत जाते, तिथे तिला जास्त तऱ्हेची मुलं भेटतात.

नगरकर_गुरुजी
बाई, फीचा मुद्दा रास्त आहे, आणि आपल्या मंडळ्यांनी तो अंगाला लावून घ्यायला हवा. मिशनच्या नावाने चालणाऱ्या शाळेत मंडळीतल्याच गरिबाचे पोर परवडत नसेल तर ती शाळा कोणाची? पण त्यावर तोड म्हणून शाळा सुधारायला जा, समितीत बसा, भांडा. तुमच्यासारखी आई घरात एका लेकीला शिकवते तेव्हा शाळेतल्या चाळीस मुलांचे एक भांडणारे माणूस कमी होते.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरूंच्या मधोमध बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरीया आणि योसेफ तीन दिवस शोधत होते. घर चांगलेच होते, तरी त्याला तिथे बसावेसे वाटले.

कायदेवाली_मावशी
एक व्यवहाराचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) वाट आहे, तिथे वयाची अट चौदा पूर्ण. कागद आत्तापासून सांभाळा. आणि गुरुजी, अडखळत वाचणाऱ्या मुलाला हसणारा वर्ग बदलेपर्यंत त्या लेकीने कुठे बसायचं, ते अजून कोणी सांगितलं नाही.