कोलंबिया : अंतराळवीरांना कळवलं होतं

दादा, 'नासाने कल्पना चावला आणि सहकाऱ्यांपासून सगळं लपवलं' हे तुमचं वाक्य नौपाड्याच्या विज्ञान दिनाच्या फलकावर तसंच लिहू नका. परतताना तुटलेल्या कोलंबिया या नासाच्या अंतराळयानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाचा ऑगस्ट २००३ चा अहवाल वेगळं सांगतो. १६ जानेवारीला उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. २३ जानेवारीला कमांडर आणि पायलटला ईमेलने ते कळवलं, आणि काळजीचं कारण नाही असंही लिहिलं. संताप यावा तो इथे! पंखाची छायाचित्रं घ्या, ही अभियंत्यांची मागणी वरिष्ठांनी मान्यच केली नव्हती. न बघताच निर्वाळा दिला. पुढे जुलैच्या चाचणीत तसाच फोम पंखाच्या कडेच्या पॅनेलवर डागला, तर सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

आणि 'उपग्रहाने टिपलेले' स्फोटाचे ते फोटो काढाच, ती हॉलिवूडपटातली दृश्यं आहेत. १ फेब्रुवारीला टेक्सासवर यान तुटतानाच्या खऱ्या चित्रफिती लोकांनी जमिनीवरून घेतलेल्या आहेत.

फलक करणाऱ्या मुलांना अहवालाचा पहिला खंडच वाचायला द्या. इंग्रजी अडलं तर शनिवारी मी येते.