‘ग्राहक’ की ‘ग्राही’? आणि वाक्यातले ‘-मुळे’

प्रश्न: “सेरोटोनिनच्या ग्राहकातील उत्परिवर्तनामुळे नैराश्य येते.” एका आरोग्यविषयक मजकुरातल्या या वाक्यातले शब्द बरोबर आहेत का?

उत्तर: ‘ग्राहक’ म्हटले की गिऱ्हाईक आठवते. पेशीपटलातले जे प्रथिन सेरोटोनिनला (चेतापेशींमधला निरोप नेणाऱ्या रसायनाला) धरते आणि आत संदेश पोचवते, त्याला ‘ग्राही’ म्हणावे. कोणता ग्राही, हेही लिहायला हवे. त्यांची ७ कुळे आहेत. त्यांतला १ए हा ग्राही सेरोटोनिन सोडणाऱ्या चेतापेशींवरच असतो तेव्हा त्या सोडण्याला ब्रेक लावतो. तिथे ‘स्वग्राही’ म्हणा.

‘उत्परिवर्तन’ मला इथे खटकते, कारण वाचक त्यातून ‘बिघाड’ असाच अर्थ घेतो. जो फरक समाजात १ टक्क्याहून जास्त आढळतो त्याला ‘बहुरूपता’ हा रूढ शब्द आहे. साध्या लेखनात ‘जनुकभेद’ चांगला. १ए ग्राहीच्या एचटीआर१ए या जनुकाच्या प्रवर्तकात (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागात), −१०१९ या जागी, काहींत ‘सी’ तर काहींत ‘जी’ हे डीएनएचे अक्षर असते. ‘जी’ असला की जनुकाला आवर घालणारी प्रथिने तिथे नीट चिकटत नाहीत आणि स्वग्राही जास्त बनतात. ग्राहीची घडण तीच राहते, संख्या बदलते. म्हणून ‘सदोष ग्राही’ हेही चूकच. २ए ग्राहीच्या एचटीआर२ए या जनुकातल्या १०२ टी/सी या भेदात तर प्रथिनातले अमिनो आम्लसुद्धा बदलत नाही, दोन्हीकडे सेरीन हेच अमिनो आम्ल.

आणखी एक: ‘वाहक’ शब्द जपून वापरा. जनुकभेद बाळगणारी व्यक्तीही वाहक आणि सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारे प्रथिनही वाहक! दुसऱ्याला ‘परिवाहक’ म्हटले की घोटाळा टळतो. २००३ साली गाजलेला आखूड-लांब भेद परिवाहकाच्या जनुकाचा आहे. तो ग्राहीच्या नावावर सर्रास खपवला जातो.

सगळ्यात मोठी चूक ‘-मुळे’ची आहे. नैराश्याशी जोडल्या गेलेल्या १८ जनुकांची २०१९ साली फार मोठ्या नमुन्यांवर तपासणी झाली. सेरोटोनिनशी निगडित नावाजलेली जनुकेही इतर कुठल्याही जनुकांपेक्षा उठून दिसली नाहीत. छोट्या नमुन्यांत योगायोगानेही संबंध दिसतो, आणि जुने बरेच अभ्यास तसलेच होते. आनुवंशिकतेचा वाटा मात्र खरा आहे: जुळ्यांच्या अभ्यासांवरून सुमारे ३७ टक्के. तो शेकडो भेदांत विखुरलेला आहे, प्रत्येकाचा परिणाम अगदी किंचित. शिवाय ३७ टक्के म्हणजे लोकांमधल्या फरकाचा वाटा. एका रुग्णाच्या आजाराचे असे तुकडे पाडता येत नाहीत.

प्रश्न: मग २ए ग्राहीचा आणि औषधांचा संबंध?

उत्तर: ते वाक्य वेगळे लिहा. आजार जडणे आणि औषध लागू पडणे या दोन गोष्टी आहेत. २००६ साली एचटीआर२एमधल्या एका भेदाचा संबंध सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाचा गुण येण्याशी आढळला होता, आजार होण्याशी नव्हे. मूळ वाक्य असे करता येईल: “सेरोटोनिन ग्राहींच्या जनुकभेदांचा नैराश्याशी संबंध असावा, असे काही लहान अभ्यासांत दिसले, मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही.”